सिद्दी जोहर कुठला होता, विचारा की पोरांना

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या शिकवण्या आहेत, आठवी ते दहावी, इतिहास-भूगोल, बावीस वर्षं झाली आता. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात तेव्हा वर्गात निम्मी पोरं पायाला फोड घेऊन बसलेली असतात, आणि त्या आठवड्यात मी त्यांना एक प्रश्न विचारतेच. पन्हाळ्याला वेढा कुणी घातला? अख्खा वर्ग ओरडतो, सिद्दी जोहर! साल? १६६०. महाराज कसे निसटले? मग थांबतच नाहीत, धो धो पाऊस, दोन पालख्या, शिवा काशीद, बाजीप्रभू, विशाळगडाची तोफ, सगळं पाठ. बरं, मग हा सिद्दी जोहर कुठला?

इथं सगळे गप्प. कुणी म्हणतं विजापूरचा, कुणी म्हणतं आदिलशहाचा माणूस. मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच म्हणतं, जंजिऱ्याचा काय मॅडम? बावीस वर्षांत एकाही पोरानं स्वतःहून आफ्रिका हा शब्द उच्चारला नाही. आणि पोरांचं सोडा, मी हाच प्रश्न लग्नकार्यात, भिशीत, ट्रेकला आलेल्या मोठ्या माणसांना विचारलाय, तिथंही तेच.

सिद्दी किंवा हबशी हे शब्द दख्खनमध्ये आफ्रिकन मुळाच्या माणसांसाठीच वापरले जायचे. हबश म्हणजे अरबी भाषेत इथिओपियाचा मुलूख, त्यावरनं हबशी. जोहर हा आदिलशाहीतला हबशी सरदार, कर्नूलच्या बाजूला त्याची सत्ता, आदिलशहानं त्याला सलाबतखान किताब देऊन पन्हाळ्यावर पाठवला आणि त्यानं चार महिने, ऐन पावसाळ्यातही, वेढा हलू दिला नाही. स्वराज्याचा शत्रू होता, त्यात दुमत नाही, आणि मी काय त्याचा गौरव करा म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या माणसाचं नाव कोल्हापुरातलं शेंबडं पोरगं पण सांगू शकतं त्या माणसाच्या मागं एक अख्खं खंड उभं आहे आणि ते आपण पोरांना कधी दाखवलंच नाही.

मी शिकले तेव्हा आफ्रिका म्हणजे 'काळा खंड', वाळवंट, सिंह, जिराफ, दुष्काळ, संपला धडा. आता पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, पण डोक्यातलं चित्र तेच राहिलंय. आपण 'जपानला गेलो, जर्मनीला गेलो' म्हणतो आणि 'आफ्रिकेला गेलो' म्हणतो. पाहुणा केनियात गेला काय आणि घानात गेला काय, आपल्यासाठी तो 'आफ्रिकेत असतो', जसं काय गडहिंग्लज आणि गारगोटी. नैरोबी ते आक्रा हे अंतर चार हजार किलोमीटरच्या वर आहे ओ. कोल्हापूर-मुंबई जवळजवळ अकरा वेळा!

नकाशाचाही यात मोठा वाटा आहे, कारण भिंतीवर जो जगाचा नकाशा आपण वर्षानुवर्षं बघतो तो बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो, १५६९ मधली पद्धत, जहाजं हाकायला काढलेली. त्यात दिशा बरोबर राहतात पण विषुववृत्तापासनं जसं लांब जावं तसे देश फुगत जातात. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे, ३ कोटी चौरस किलोमीटरच्या वर. भारत, चीन आणि अमेरिका तिन्ही आत ठेवले तरी जागा उरते. एकटं सहारा वाळवंट भारताच्या पावणेतीन पट. मी वर्गात कागदाचे देश कापून आफ्रिकेवर ठेवायला लावते, आणि भारताचा तुकडा ठेवल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. दरवर्षी एकतरी पोरगं तुकडा उचलून परत मोजतं, चुकलं असेल म्हणून.

एवढ्या मोठ्या जागेत ५४ देश आहेत आणि दोन हजारच्या वर भाषा. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर. आपल्याला कागलच्या पुढं गेलं की मराठीत कानडी मिसळायला लागली हे लगेच कळतं, बोलण्याच्या हेलावरनं माणूस कुठल्या तालुक्यातला ते आपण ओळखतो, आणि दोन हजार भाषांच्या माणसांना मात्र एकच शब्द, 'आफ्रिकन'. उत्तरेला आमाझिग लोक आहेत, त्यांचा रंग आपल्यातल्या कित्येकांपेक्षा गोरा. दक्षिणेला सान लोक आहेत ज्यांच्या भाषेत जिभेच्या टाळीचे आवाज व्यंजन म्हणून येतात. मादागास्कर आफ्रिकेच्या एवढं शेजारी, पण तिथली भाषा आग्नेय आशियातनं, बोर्निओच्या बाजूनं समुद्र ओलांडून आलेल्या लोकांची. शास्त्रज्ञ सांगतात माणसामाणसातली जनुकीय विविधता जगात सगळ्यात जास्त आफ्रिकेतच आहे, म्हणजे आफ्रिकेतल्याच दोन वेगळ्या समाजातली माणसं एकमेकांपासनं जेवढी वेगळी असू शकतात तेवढी आपण आणि युरोपातली माणसं पण नसतो. आणि आपण म्हणतो सगळे सारखेच दिसतात.

इथिओपियाची गोष्ट तर पोरांना फार आवडते. त्यांची गीझ लिपी, त्यात प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, स्वर बदलला की अक्षराला थोडीशी शेपटी, थोडासा पाय. म्हणजे बाराखडीच की! मी फळ्यावर काढून दाखवते, ही बघा त्यांची 'ल' ची ओळ. मग एखादी पोरगी वहीत आपलं नाव त्या लिपीत लिहायला बघते. तिच्या डोक्यात आता इथिओपिया म्हटलं की उपाशी पोराचा फोटो पहिला येणार नाही, अक्षर येईल. याच इथिओपियानं १८९६ साली अदवाच्या लढाईत इटलीच्या फौजेचा पराभव केला होता, युरोपियन सैन्याचा, मैदानात. आपल्याकडं प्लेगची आणि दुष्काळाची ती वर्षं होती.

आता माझ्या घरातलं सांगते. आमच्या माडीवर एक खोली आहे, पोरांना भाड्यानं देतो. तीन वर्षांपूर्वी एक पोरगा खोली बघायला आला, टांझानियाचा, दोडोमाकडचा, इथं एका कॉलेजात शिकायला आलेला. त्याच्या आधी त्यानं सात ठिकाणी विचारलं होतं. फोनवर सगळे हो म्हणायचे आणि दारात बघितलं की खोली गेली म्हणायचे. आमच्याही गल्लीतनं निरोप आलाच, 'वहिनी, कशाला नसती भानगड, ते लोक कसले असतात काय माहिती.' मी विचारलं, ते लोक म्हणजे कुठले लोक? तर म्हणे, आफ्रिकेचे. मी खोली दिली, काही उपकार केले असं नाही, भाडं घेतेच, पण त्या 'ते लोक' नं मला जेवढा राग आला तेवढा क्वचित येतो.

तो आल्यावर पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी मी खाली भाकरी करत होते. शाळूचं पीठ, परातीत गरम पाणी घालून मळलेलं, तळहातावर गोळा घेऊन थापायला लागले. तो दारात उभा राहून बघत होता. भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती टम्म फुगली तसा तो हसला. मग त्यानं शेजारच्या डब्यातली मूठभर ज्वारी हातात घेतली, एक दाणा दाताखाली फोडला, आणि म्हणाला, 'काकू, धिस इज म्तामा!' त्याच्या गावाकडं पाऊस कमी, मका नीट येत नाही, म्हणून त्याची आजी म्तामाच लावते, पिठाची घट्ट उकड काढतात, उगाली, आणि पालेभाजीबरोबर हातानं खातात. त्यानं भाकरी मोडली, पालेभाजीला लावली आणि खायला लागला, त्याला मला काही शिकवावं लागलं नाही.

मला त्या दिवशी कळलं की मी वीस वर्षं भूगोल शिकवते पण ज्वारी कुठली हे मी कधी नीट सांगितलं नव्हतं. ज्वारी आफ्रिकेची आहे. पूर्व सुदानमध्ये कसालाच्या परिसरात पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत ज्वारीच्या दाण्यांचे ठसे सापडलेत, माणसानं लावायला घेतलेल्या ज्वारीचे. बाजरी सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातली, मालीकडची. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. चवळी आफ्रिकेची, एरंड पूर्व आफ्रिकेचा, कलिंगड आफ्रिकेचं, आणि जी चिंच आपण आपली म्हणून आमटीत टाकतो तीसुद्धा मूळची तिकडचीच. (मिरची आणि भुईमूग मात्र अमेरिका खंडाकडनं पोर्तुगीजांच्या काळात आले, म्हणजे भाकरीबरोबरचा खरडा पण दुसऱ्या एका खंडाचा. तो विषय वेगळा.) ही धान्यं कुणी तरी पहिल्यांदा गवतातनं निवडली, मोठा दाणा जपून ठेवला, पुन्हा पेरला, पिढ्यानुपिढ्या. ती शेतकरी माणसं आफ्रिकेतली होती, बहुधा बायाच असतील. त्यांच्या हातचं धान्य समुद्र ओलांडून साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास भारतात पोचलं आणि कोरडवाहू दख्खन त्यावर जगलं. दुष्काळात जगवलं ते गव्हानं नाही, ज्वारी-बाजरीनं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, भारताच्याच प्रस्तावावर. 'श्री अन्न' म्हणून केवढे बोर्ड लागले, प्रदर्शनं झाली, नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, सगळं चांगलंच झालं. मी तीन प्रदर्शनं फिरले. एकाही स्टॉलवर मला आफ्रिकेचं नाव दिसलं नाही, सगळीकडं 'आपलं प्राचीन अन्न' एवढंच. प्राचीन आहेच, आपलंही आहेच, हजारो वर्षं ज्यावर पोसलो ते आपलं नाही तर कुणाचं, पण कुणाकडनं आलं ते सांगितल्यानं आपलेपण काय कमी होतं का? शेजारणीकडनं विरजण आणलं तर आपण तिचं नाव घेतोच की.

आणि शेजारणच आहे ती. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, भूगोल सांगतो म्हणून म्हणते. गगनबावड्यात आणि राधानगरीत जो पाऊस कोसळतो, ज्यानं पंचगंगा पात्राबाहेर येते, तो आणणारे वारे येतात कुठनं? हिंदी महासागराच्या दक्षिण भागातनं ते विषुववृत्त ओलांडतात ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून, केनिया-सोमालियाच्या बाजूनं. पूर्व आफ्रिकेचे उंच डोंगर भिंतीसारखे आडवे असतात म्हणून वारा दाबला जातो, जोर धरतो आणि वळून अरबी समुद्रावरनं आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. ते डोंगर तिथं नसते तर आपला जून असा नसता. आणि त्याच्याही खूप मागं गेलं तर दख्खनचा हा जमिनीचा तुकडा आफ्रिकेला आणि मादागास्करला चिकटूनच होता, मादागास्करपासनं सुटला त्याला ९ कोटी वर्षं पण झाली नाहीत. त्या जुन्या महाखंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरनं पडलेलं.

त्याच वाऱ्यांवर माणसं पण आली-गेली. हिवाळ्यात इकडनं तिकडं, पावसाळी वाऱ्यावर तिकडनं इकडं, शिडाची गलबतं कापड आणि मणी घेऊन जायची, हस्तिदंत आणि सोनं घेऊन यायची. म्हणून स्वाहिलीत पैशाला 'पेसा' म्हणतात, गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', आणि चपातीला चपातीच. केनियात २००७ साली मोबाईलवरनं पैसे पाठवायची सोय सुरू झाली तिचं नाव एम-पेसा, साधा बटणाचा फोन असलेली भाजीवाली पण त्यावर व्यवहार करायची, आपलं यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी. आमच्या त्या भाडेकरू पोराला इथं आल्यावर यूपीआयचं काही नवल वाटलं नाही, कारण त्याची आजी हे आधीपासनं करत होती.

हा येण्या-जाण्याचा इतिहास सगळा गोड नाही. कितीतरी आफ्रिकन माणसं इथं विकली जाऊन आली. मलिक अंबर त्यातलाच, इथिओपियात जन्मलेला, पोरवयात विकला गेला, हातोहाती बगदादवरनं दख्खनला पोचला आणि शेवटी निजामशाहीचा कारभारी झाला. मुघलांना वर्षानुवर्षं दमवलं, १६२४ साली भातवडीला मुघल-आदिलशाही फौजा मोडल्या, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते. खडकी शहर त्यानं वसवलं, आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथं त्यानं केलेली पाण्याची नहर अजून लोक दाखवतात. हा माणूस महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अगदी मध्यभागी आहे. आणि आजही सिद्दी समाज आपल्यापासनं किती लांब आहे? उत्तर कन्नड जिल्ह्यातलं यल्लापूर, हल्याळ, अंकोला, कोल्हापुरातनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचाल. कोकणी बोलतात, कानडी बोलतात, काहीजण मराठी पण बोलतात. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शेकडो वर्षं इथंच असलेल्या या माणसांना आजही बसमध्ये कुणीतरी विचारतं, तुम्ही कुठल्या देशाचे?

उलटं पण झालंय बरं का. १८३४ पासनं मॉरिशसच्या ऊसमळ्यात करारावर मजूर नेले, त्यात मराठी माणसं होती, त्यांची पणतवंडं आजही तिथं गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. मॉरिशस आफ्रिकेत मोजतात, त्या ५४ देशांत. म्हणजे 'ते लोक' मध्ये मराठी लोक पण आले.

ऊस म्हटलं की मला थांबवत नाही, कारण आपला जिल्हाच उसाचा. पण साखरेची एक बाजू आपण पोरांना सांगत नाही. ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर साखर पिकवायला आफ्रिकेतनं माणसं जहाजात कोंबून नेली, साडेतीनशे वर्षांच्या काळात साधारण सव्वा कोटी माणसं जहाजावर चढवली आणि त्यातली एक कोटी सात लाखाच्या आसपासच जिवंत उतरली. उरलेली समुद्रात. सवा कोटी तरणीताठी माणसं एका खंडातनं ओढून काढल्यावर मागं काय राहिलं असेल? आणि त्यावर पुन्हा १८८४-८५ ची बर्लिन परिषद, युरोपच्या देशांनी टेबलाभोवती बसून आफ्रिका आपापसात वाटून घ्यायचे नियम ठरवले, एकाही आफ्रिकन माणसाला न बोलावता. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या. सोमाली लोक चार-पाच देशांत विखुरले, मसाई निम्मे केनियात निम्मे टांझानियात. १९६० या एका वर्षात १७ देश स्वतंत्र झाले, पण रेघा त्याच मिळाल्या, आणि १९६४ ला कैरोत आफ्रिकेतल्या बहुतेक देशांनी ठरवलं की आता आहेत त्या सीमा मानू, नाहीतर भांडणं कधी संपायची नाहीत. आपल्याला बेळगाव-निपाणीच्या एका रेघेनं इतकी वर्षं छळलंय, एका सीमाभागाचं दुखणं काय असतं ते कोल्हापूरकराला कुणी समजावून सांगायला नको. तसल्या रेघा एका खंडावर किती असतील याचा विचार करा आणि मग म्हणा 'तिकडं नुसत्या मारामाऱ्याच चालतात'.

रवांडाचं उदाहरण मी दहावीला आवर्जून सांगते. हुतू आणि तुत्सी, दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा, गावं एकच. भेद आधीपासनं होता पण तो पक्का केला बेल्जियन राजवटीनं, १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी लिहून टाकलं. साठ वर्षांनी, १९९४ ला, तीच ओळखपत्रं बघून रस्त्यावर माणसं मारली. आपल्या खानेसुमारीत इंग्रजांनी जातींचे कप्पे कसे पक्के केले ते शिकलेल्या पोरांना हे समजायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

आता यावर लोक मला दोन गोष्टी ऐकवतात. एक म्हणजे, मॅडम, पोरांना महाराष्ट्राचे जिल्हे येत नाहीत आणि तुम्ही आफ्रिका काढून बसलाय. बरोबर आहे, जिल्हे यायलाच पाहिजेत, मी घेतेच. पण आफ्रिका समजली तर आपलं आपल्यालाच जास्त समजतं, भाकरी समजते, पाऊस समजतो, पन्हाळा समजतो. ही जादाची माहिती म्हणून कोंबायची गोष्टच नाही, आहे त्या धड्यांत दोन वाक्यं घालायची आहेत. सिद्दी जोहरचं नाव येतं तिथं, ज्वारीचा धडा येतो तिथं, मोसमी वाऱ्याचा नकाशा येतो तिथं.

दुसरी गोष्ट जास्त कडू असते. 'अहो पण त्यांच्यातले काहीजण फ्रॉडमध्ये, ड्रग्समध्ये सापडतात, पेपरात येतं की.' येतं. आणि आपल्यातले सापडत नाहीत? फोनवरनं म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारी कॉल सेंटरं आपल्याच देशात पकडली गेलीत, म्हणून अमेरिकेत आपल्या पोराला कुणी खोली नाकारली तर आपण काय म्हणू? २०१६-१७ मध्ये दिल्लीत, बेंगळुरूत, ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं, त्यात एका काँगोच्या तरुणाचा जीव गेला. बेंगळुरूत अपघात केला एका सुदानच्या माणसानं आणि मार खाल्ला टांझानियाच्या मुलीनं, कारण जमावाला दोन देशातला फरक माहितीच नव्हता. म्हणून मी म्हणते हा साधा जनरल नॉलेजचा विषय नाही राहिला. 'सगळे एकच' असं डोक्यात बसलं की एकाचा राग दुसऱ्यावर काढायला काही वाटत नाही.

आपल्या गावात हे होणार नाही असं मला ठामपणे म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या पेठांच्या फुटबॉल टीमांनी नायजेरिया आणि इतर देशांतले खेळाडू आणले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एका मॅचला माझ्या लेकाबरोबर बसले होते तेव्हा त्यातल्याच एका खेळाडूची पेनल्टी हुकली आणि मागच्या पायऱ्यांवरनं माकडाचे आवाज सुरू झाले. चार-पाच जण होते, फार नाही. पण बाकी दोनशे जण हसले. तो खेळाडू कोपऱ्यावर उभा राहून बूट बांधत राहिला, लेस सुटलेली नव्हती. माझा लेक तेव्हा अकरा वर्षांचा, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मला त्याला काय सांगावं ते सुचेना. ज्या गावात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्यायचे, सगळ्यांनी बघावं म्हणून प्यायचे, ज्या संस्थानात १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासांसाठी राखल्या गेल्या, त्या गावात रंगावरनं माणसाला माकड म्हणणं हे शोभत नाही, आणि आम्ही ते तिथल्या तिथं बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

गांधीजींच्या बाबतीतही हे खरं बोललं पाहिजे. १८९३ ते १९१४ ते दक्षिण आफ्रिकेत होते, सत्याग्रह तिथंच जन्मला, पण सुरवातीच्या वर्षांत त्यांनी तिथल्या आफ्रिकन लोकांबद्दल जे लिहिलं त्यात तुच्छता आहे, ते छापलेलं आहे. त्यावरनंच घाना विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि २०१८ च्या डिसेंबरात तिथला त्यांचा पुतळा काढला गेला. आपल्याकडं बातमी आली ती अपमान म्हणून आली. ते लोक का दुखावले हे वाचायची तसदी किती जणांनी घेतली? आपण त्यांच्याकडं कसं बघतो ते त्यांना चांगलं माहिती आहे. २०२३ ला दिल्लीच्या जी-२० मध्ये आफ्रिकन युनियनला कायमचं सदस्यत्व मिळालं, त्यात भारताचा पुढाकार होता आणि ते फार चांगलं झालं. पण परिषदेत मिठ्या मारायच्या आणि गल्लीत खोली द्यायची नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल?

माझी मागणी मोठी नाही. पन्हाळ्यावर वेढ्याची माहिती सांगताना सिद्दी म्हणजे कोण हे एका ओळीत सांगावं, गाईड लोकांनी आणि बोर्डांनीही. मागच्या वर्षी मी त्या टांझानियाच्या पोराला गडावर घेऊन गेले होते. गाईड तळमळीनं सांगत होता, मी त्याला इंग्लिश करून देत होते, आणि सिद्दी म्हणजे आफ्रिकेतनं आलेल्यांचा माणूस असं मी सांगितल्यावर तो पोरगा बुरुजावरनं खाली वेढ्याच्या बाजूला खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, एवढ्या पावसात, चार महिने? त्या गाईडनं पण मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच का मॅडम, आफ्रिकेचा? पंधरा वर्षं सांगतोय मी ही गोष्ट.

आपल्याच संस्थानात शिकारीचे चित्ते पाळायचे, शेवटी शेवटी ते आफ्रिकेतनंच मागवलेले असायचे, त्यांचे चित्तेवान इथलेच. २०२२ ला नामिबियातनं आठ चित्ते कुनोत आले तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं, प्रत्येक चित्त्याचं नाव सांगत होते. आठ चित्त्यांची नावं पाठ होतात आपल्याला. नामिबियाच्या राजधानीचं नाव विंडहुक, हे त्या दिवशी माझ्या वर्गात कुणाला येत नव्हतं.

यंदा जूनपासनं मी एक सुरू केलंय. तीन बॅच मिळून छप्पन्न पोरं आहेत, त्यातल्या चोपन्न जणांनी एकेक देश घ्यायचा, वर्षभर तो देश त्यांचा. नदी कुठली, लोक काय पिकवतात, भाषा कुठल्या, तिथलं पोरगं सकाळी काय खातं. आणि वर्गात बोलताना 'आफ्रिकेत असं असतं' म्हणायचं नाही, देशाचं नाव घ्यायचं. उरलेल्या दोघांनी सगळ्यांचा मिळून मोठा नकाशा करायचा. लेसोथो एका पोरीनं लगेच घेतला, कारण चारी बाजूनं दुसऱ्या एकाच देशानं वेढलेला देश असू शकतो हे तिला पटेना. गांबिया एकानं घेतला, नुसत्या नदीच्या दोन काठांचा देश म्हणून. इथिओपियासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. माझ्या लेकानं नायजेरिया घेतलाय, का ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही. मॉरिशसवरनं दोघींचं अजून मिटलेलं नाही, आणि टोगो घ्यायला अजून कुणी पुढं आलेलं नाही.